आईला वास्को द गामाच्या कबरीपाशी जायचं नाहीये, आणि लिस्बनची लिस्ट 31 जागांची आहे

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई मूळच्या फोंड्याच्या, लग्नानंतर पुण्यात. ऑक्टोबरमध्ये त्या, त्यांचे मिस्टर, 13 वर्षांचा मुलगा आणि 71 वर्षांची आई असे चौघं लिस्बनला चाललेत. हातात पूर्ण चार दिवस आहेत, हॉटेल रोसिओ चौकाजवळ आहे. मिस्टरांनी रील्स बघून 31 जागांची एक्सेल शीट केलीय. आईचे गुडघे दुखतात, पण खरी अडचण वेगळीच आहे. आईचे वडील गोवा मुक्तीच्या लढ्यात आग्वादच्या तुरुंगात होते. तिकिटं काढून झाल्यावर आई म्हणाली, "मी येईन, पण त्या वास्कोच्या कबरीपाशी मी जाणार नाही." ती कबर लिस्बनच्या बेलेम भागात आहे. मिस्टरांचं म्हणणं, बेलेम बघायचं नाही तर लिस्बनला जायचं कशाला, साठ वर्षं झाली आता त्या सगळ्याला. ताईंना दोघांचंही पटतं. त्या विचारतात, "आई तयार नाहीये, तिला समजावू की ह्यांना? बेलेम वगळलं तर लिस्बन बघितलं असं म्हणता येईल का? आणि चार दिवसांत नक्की काय काय करायचं?"

ताई, आधी आईंचं बोलूया आणि जागांचं नंतर, कारण आईंचं नीट ऐकलं की जागांचा निम्मा गुंता तसाच सुटतो.

तुम्ही लिहिलंय आई तयार नाहीये. पण त्यांचं जे वाक्य तुम्ही दिलंय ते तसं नाहीये ना. त्या म्हणाल्या मी येईन, पण तिथे जाणार नाही. म्हणजे ज्या सरकारने वडिलांना आत टाकलं त्याच्या राजधानीत यायला त्या तयार झाल्यात, लेकीसाठी आणि नातवासाठी, आणि त्या बदल्यात फक्त एका दारातून आत न जाण्याची मोकळीक मागतायत. खूप मोठं मन आहे हे. आणि "साठ वर्षं झाली" हे शाळेच्या पुस्तकातल्या इतिहासाला ठीक आहे हो, पण 1961 ला त्या सहा-सात वर्षांच्या असणार, त्यांच्यासाठी तो इतिहास नाहीये, बाबा घरात नव्हते ही आठवण आहे, तिला मुदत कशी लावणार आपण. तेव्हा आईंना अजिबात समजावू नका. त्यांचं नाही हे पूर्ण उत्तर आहे असं धरा, म्हणजे त्यांना तिथे दर सकाळी ते परत परत सांगावं लागणार नाही.

आता तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही तिघांनीही धरून चालली आहे, ती जरा तपासून बघू. तुम्हाला वाटतंय की तो सगळा इतिहास बेलेमला आहे, शहराच्या पश्चिमेला नदीकाठी, आणि बेलेम टाळलं की उरलेलं लिस्बन म्हणजे पिवळ्या ट्राम, निळ्या टाइल्स आणि अंड्याच्या क्रीमचे टार्ट. तसं नाहीये. तुमचं हॉटेल रोसिओला आहे ना, सकाळी बाहेर पडलात की चौकाच्या उत्तरेला खांबांची देखणी इमारत दिसेल, ते राष्ट्रीय नाट्यगृह, 1846 मध्ये उघडलेलं. त्याच जागेवर आधी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, राजवाडा होता. गोव्यात 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडली तर, जे इन्क्विझिशन चाललं त्याचं वरिष्ठ मंडळ इथे लिस्बनला. फोंड्याच्या माणसाला मी काय सांगू, कुशस्थळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, का आले ते तुम्हाला घरातच कळलेलं असणार. त्या काळातल्या हुकमांचं एक टोक हे इथे होतं, आणि त्याच्या समोर आज लोक कॉफी पीत बसलेले असतात.

तिथून दोन मिनिटांवर सांव दोमिंगोसचं चर्च आहे, तिथे आईंना जरूर न्या, त्यांची ना नसेल तर. 1959 च्या आगीत ते आतून जळलं आणि नंतर छत नवीन घातलं पण खांब तसेच ठेवले, तडकलेले, पोपडे निघालेले, काही ठिकाणी दगडाचे टवकेच्या टवके उडालेले, आणि वर ते केशरी-गुलाबी रंगाचं छत. मी खूप चर्च बघितलीत युरोपात, पण इतकं न सजवलेलं, जखमा न झाकलेलं दुसरं लक्षात राहिलं नाही. बाहेर छोट्या चौकात 1506 मध्ये इथे ज्या ज्यूंची, म्हणजे जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची, कत्तल झाली त्यांचं स्मारक आहे. म्हणजे ज्या सत्तेने गोव्यात देवळं पाडली तिच्या राजधानीत तिच्याच माणसांचं काय झालं ते तुमच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, बेलेमला न जाताही.

आणि रोसिओकडून सरळ नदीकडे चालत गेलात, रस्ता सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही, की तो मोठा पिवळा चौक लागतो. नकाशावर प्रासा दो कोमेर्सियो लिहिलंय पण तिथली माणसं अजून टेरेइरो दो पासो म्हणतात आणि मेट्रो स्टेशनचं नावही तेच आहे. तिथे राजवाडा होता आणि कासा दा इंडिया होतं, भारताकडून येणाऱ्या मिरीचा आणि मसाल्यांचा सगळा हिशोब ठेवणारं कार्यालय. 1 नोव्हेंबर 1755 ला सकाळी, चर्चमध्ये सणाची गर्दी असताना, भूकंप झाला, मग नदीतून समुद्राची लाट आत आली, मग कित्येक दिवस आगी लागत राहिल्या, आणि ते सगळं गेलं. आज तुम्ही ज्या सरळ सरळ गल्ल्या बघता ते बायशा म्हणजे भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री पोम्बाल याने नव्याने आखलेलं शहर, घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरा बसवून बांधलेलं, परत हादरा बसला तर इमारत डुलावी पण पडू नये म्हणून. मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

आता बेलेम. मिस्टरांना माझ्याकडून एवढंच सांगा की तिथे जे आहे ते सगळं एका काळातलं नाहीये, आणि हे न समजता फोटो काढून आलो तर बघूनही न बघितल्यासारखं होतं. नदीकाठी ते जहाजाच्या नाळेच्या आकाराचं उंच पांढरं स्मारक आहे ना, ज्यावर दोन्ही बाजूंनी माणसं ओळीने चढतायत, ते पाचशे वर्षांपूर्वीचं वाटतं. ते आधी हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं आणि मग 1960 मध्ये काँक्रीट आणि दगडात पक्कं बांधलं. 1960! त्यावर वास्को आहे, 1510 मध्ये गोवा घेणारा अल्बुकर्क आहे, फ्रान्सिस झेव्हियर आहे. म्हणजे जेव्हा जगभर वसाहती सुटत होत्या आणि गोव्यात माणसं तुरुंगात होती तेव्हा लिस्बनमध्ये हे बांधलं जात होतं, आणि पुढच्याच वर्षी 19 डिसेंबरला गोवा सुटला. तुमच्या आजोबांच्या आयुष्यातल्या घटनेच्या इतक्या जवळची ही वास्तू आहे. आईंना हे माहीत असेल तर त्या कदाचित म्हणतील मला लांबून बघायचंय, कदाचित म्हणतील अजिबात नको, दोन्ही ठीक. डोंगरावरचा सांव जॉर्जचा किल्ला पण असाच, 1147 चा म्हणून दाखवतात आणि जागा जुनीच आहे, पण आज दिसतात त्यातल्या बऱ्याच भिंती आणि बुरूज 1940 च्या आसपास परत उभारलेत.

जेरोनिमोसचा मठ मात्र खरंच तेव्हाचा, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, राजा मॅन्युएलने सुरू केलेला आणि आफ्रिका-आशियाच्या व्यापारावरच्या करातून बांधलेला. दोरखंड, पोवळी, वेली, सगळं दगडात इतकं बारीक कोरलंय की मान दुखेपर्यंत बघत राहावं, आणि ते पैसे कुठून आले हे माहीत असूनही ते सुंदर आहे, मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात आणि त्यातली एक खोडायची गरज वाटत नाही. वास्कोची कबर चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वरच्या सज्ज्याखाली आहे. तो 1524 ला कोचीमध्ये वारला, आधी तिथेच पुरला होता, नंतर इकडे आणला, आणि आत्ताची ही कोरीव कबर तर एकोणिसाव्या शतकातली. मिस्टर आणि मुलगा आत गेले तर त्यांना म्हणावं तिथेच थांबू नका, सरळ पुढे वेदीपर्यंत जा, तिथे राजांच्या शवपेट्या दगडी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. पोर्तुगालचे राजे हत्तींच्या पाठीवर झोपलेत चारशे वर्षांहून जास्त काळ. वास्कोच्या कबरीपेक्षा ते हत्ती जास्त बोलतात असं माझं मत.

तेवढा वेळ तुम्ही आणि आई समोरच्या बागेत बसा, मोठं कारंजं आहे, बाकं आहेत, सावली आहे. मग हवं तर तुम्ही आत जाऊन या आणि मिस्टर आईंपाशी बसतील. पण आईंना "तुम्ही बसा, आम्ही पटकन येतो" असं एकटं ठेवून तिघांनी जाऊ नका, त्यात न जाण्याची शिक्षा झाल्यासारखं होतं.

मुलासाठी बेलेममध्ये एक खास गोष्ट आहे. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला, तो 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरवला. युरोपात तेव्हा हजारेक वर्षांत कोणी जिवंत गेंडा बघितलेला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, त्या टेरेइरो दो पासोच्याच बाजूला, आणि हत्ती पळून गेला. जर्मनीत ड्यूरर नावाच्या चित्रकाराने तो प्राणी न बघता नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र केलं, चिलखत घातल्यासारखा गेंडा, ते चित्र मुलाने कुठे ना कुठे बघितलेलं असेल. पुढे तो गेंडा पोपला भेट म्हणून रवाना केला आणि जहाज इटलीजवळ बुडालं, साखळीने बांधलेला होता बिचारा. तर बेलेमच्या बुरुजावर, बाहेरच्या बाजूला एका छोट्या मनोऱ्याच्या तळाशी, गेंड्याचं डोकं कोरलंय, ऊन-पाऊस खाऊन झिजलंय, पण शोधलं की सापडतं. त्यासाठी बुरुजात चढायची गरज नाही, आतला जिना अरुंद आणि गोल आहे, आईंना तर नाहीच जमणार. गोव्याहून निघालेल्या त्या मुक्या जनावरासाठी बेलेमला जाणं मला तरी पूर्ण पटतं.

पण बेलेम करायचंच तर त्याची दुसरी बाजू पण त्याच सहलीत करा, आणि ही गोष्ट तुमच्या 31 च्या शीटमध्ये मला दिसली नाही. कॅथेड्रलच्या अगदी समोर, जिथून 28 नंबरची ट्राम वळते, तिथे अल्जुबे नावाची इमारत आहे. 1928 पासून 1965 पर्यंत ते राजकीय कैद्यांचं तुरुंग होतं आणि 2015 पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं म्युझियम आहे. सालाझारची गुप्त पोलीस पोर्तुगीज माणसांनाच, विद्यार्थ्यांना, कामगारांना, लेखकांना उचलून तिथे ठेवायची, एकांताच्या खोल्या माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या. वसाहतींमधल्या लढ्यांवरही भाग आहे. जिच्या वडिलांनी आग्वादमध्ये दिवस काढले त्या बाईला लिस्बनमध्ये ही जागा बघताना काय वाटेल हे मी सांगू शकत नाही, पण एक नक्की, ज्या राजवटीने त्यांच्या वडिलांना डांबलं ती इथल्या लोकांनाही डांबत होती आणि इथल्या लोकांनीही तिला उलथून टाकलं, हे तिथे भिंतीवर दिसतं. आईंना आधी नीट सांगून विचारा, सरप्राईज म्हणून नेऊ नका. त्या खोल्या बघणं जड जाऊ शकतं.

आपल्या मराठी माणसाचा तर इथे थेट धागा आहे. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात काम केलं, 1955 मध्ये पकडले गेले, आणि त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा 1961 ला सुटला, रानडे सुटले 1969 ला. मधली सगळी वर्षं तिथे. त्यांच्या सुटकेसाठी आपल्याकडे सुधीर फडक्यांनी किती धडपड केली ते जुन्या लोकांना आठवत असेल. गोव्याच्या लढ्याचे नेते टी. बी. कुन्हांना त्याही आधी पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं. काशियसला आत जाता येत नाही, ते अजूनही तुरुंगच आहे, पण बेलेमला जाणारी जी ट्रेन काइश दो सोद्रे स्टेशनहून सुटते तीच पुढे कॅश्काइशला जाते आणि वाटेत काशियस स्टेशन लागतं, एका बाजूला नदी जिथे समुद्राला मिळते ते पाणी आणि दुसऱ्या बाजूला टेकड्या. बेलेमहून परत न फिरता त्याच ट्रेनने पुढे कॅश्काइशपर्यंत जा, समुद्राकाठी बसा, मासे खा आणि परत या. ट्रेनमध्ये आई नातवाला काय सांगायचं ते सांगतील.

आणि कार्मोचा चौक. शियादू या वस्तीच्या वर एक चर्च आहे, भूकंपात छत गेलं ते परत घातलंच नाही, कमानी उभ्या आणि वर आभाळ. त्याच्या समोरच्या चौकात 25 एप्रिल 1974 ला लोक झाडांवर आणि छपरांवर चढून बसले होते आणि आतल्या बराकीत सालाझारचा वारसदार, पंतप्रधान कायतानो, शरण आला. सैनिकांच्या बंदुकीत कार्नेशनची लाल फुलं, ती हीच क्रांती. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबर 1974 ला, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करारावर सही करून मान्य केलं. तोपर्यंत केलं नव्हतं! गोव्यात शरणागती पत्करून रक्तपात टाळणाऱ्या गव्हर्नर व्हासालो ई सिल्व्हाला सालाझारने लष्करातून काढलं होतं, त्यालाही क्रांतीनंतरच परत मान मिळाला. तेव्हा आईंना जर लिस्बनमधल्या एका जागी जावंसं वाटावं असं मला कुठलं वाटत असेल तर ते कार्मो. जॅकरांडाची झाडं आहेत, कारंजं आहे, कट्टा आहे, आणि बसून राहिलं तर कोणी उठवत नाही.

हं, आता 31 जागा आणि चार दिवस आणि गुडघे. मिस्टरांना वाटतंय की एवढा खर्च केला तर जास्तीत जास्त बघून तो वसूल करायचा, आणि हे फक्त त्यांचं नाही, मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत हेच असतं, मग शहर प्राग असो की रोम. पण लिस्बन हे डोंगरांचं शहर आहे. नकाशावर चारशे मीटर दिसतं आणि प्रत्यक्षात ते अख्खं पायऱ्यांचं असतं, फुटपाथ म्हणजे छोट्या छोट्या पांढऱ्या दगडांचे तुकडे हाताने बसवलेले, पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेले, आणि ऑक्टोबरमध्ये एक सर आली की उतारावर पाय सटकतो. आईंचे नेहमीचे सपाट तळाचे बूट चालणार नाहीत, खाली रबराची चांगली ग्रिप असलेलेच हवेत, हे आत्ताच पुण्यात घ्या आणि चार दिवस घालून फिरवा. आणि चढ वाचवायच्या युक्त्या आहेत. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनच्या खालच्या दारातून शिरून सरकत्या जिन्यांनी वर शियादूला निघता येतं, तिकीट न काढता, तिथली म्हातारी माणसं तेच करतात. कार्मोला जायचं असेल तर त्या सान्ता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टच्या लांबलचक रांगेत उभं राहू नका, ती 1902 ची लिफ्ट बाहेरून बघायची, आणि वर शियादूहून चालत गेलं की कार्मो पाच-सात मिनिटांत. किल्ल्याकडे 737 नंबरची बस फिगेइरा चौकातून जाते, तो रोसिओला लागूनच आहे. 28 नंबरच्या ट्रामच्या मागे लागू नका, दिवसा तीत उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापू असतात, बसायचंच तर सकाळी लवकर आणि एका टोकाला जाऊन, मार्तिम मोनिझ किंवा काम्पो दे ओरिकपासून. फ्युनिक्युलर म्हणजे उतारावरच्या त्या छोट्या पिवळ्या गाड्यांवर प्लॅन अवलंबून ठेवू नका, सप्टेंबर 2025 मध्ये ग्लोरियाचा भयंकर अपघात झाला, 16 माणसं गेली, त्यानंतर त्यांचं काय चालू काय बंद ते जाताना बघावं लागेल.

जागा मोजण्याऐवजी वस्त्या निवडा. अल्फामाला एक अख्खी सकाळ द्या. भूकंपात ती बऱ्यापैकी वाचली म्हणून तिच्या गल्ल्या अजून वाकड्यातिकड्या आहेत, खिडक्यांतून कपडे वाळत घातलेले, दारात बसलेल्या बायका येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणाऱ्या, आणि मासे भाजल्याचा वास. मुलगा आणि मिस्टर खालून चढून येऊ देत, तुम्ही आणि आई टॅक्सीने वर सान्ता लुझियाच्या चर्चपाशी उतरा. तिथे बोगनवेलीखाली बाकं आहेत, समोर नदी, आणि चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं मोठं चित्र आहे, भूकंपाआधीचा तो राजवाड्याचा चौक. तुम्ही आदल्या दिवशी जो चौक बघितला असेल तोच, पण न पडलेला. त्यासमोर निवांत बसा. तिथून खाली कॅथेड्रल आणि अल्जुबे उतारावरच आहे, नाही जमलं तर दोन थांबे ट्राम.

थोडं पुढे सांव व्हिसेंतेचा मठ आहे, ब्रागांझा राजघराण्याच्या समाध्या तिथे आहेत. मुंबई ज्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून गेली त्या लग्नातली कॅथरिन तिथे आहे, म्हातारपणी ती लिस्बनला परत आली होती. पुण्या-मुंबईच्या माणसाने तिथे जाऊन यायला काहीच हरकत नाही, आणि तरी आपली फार थोडी माणसं तिथे दिसतात. वर ला फोंतेन या फ्रेंच लेखकाच्या प्राण्यांच्या गोष्टी टाइल्सवर काढल्यात, मुलाला त्यातल्या कितीतरी ओळखता येतील. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मागच्या मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तुटक्या टाइल्स, जुने फोटो, पितळी भांडी, म्हापशाच्या बाजारात वाढलेल्या माणसाला तिथून निघवत नाही.

मोरारिया आणि मार्तिम मोनिझ ही संध्याकाळची जागा. 1147 ला शहर जिंकल्यावर मुसलमानांना किल्ल्याबाहेर जिथे राहायला लावलं ती वस्ती, फादूचं गाणं जिथे वाढलं ती वस्ती, आणि आज बांगलादेशी, पंजाबी, नेपाळी, आफ्रिकी सगळ्यांची दुकानं तिथे. कोथिंबीर, मिरच्या, आलं, सगळं मिळतं. लिस्बनच्या कुठल्याही साध्या कॅफेत काउंटरवर टार्टच्या शेजारी समोसा ठेवलेला असतो, शामुसा म्हणतात, गोव्याहून आणि मोझांबिकहून आलेल्या लोकांबरोबर तो इथलाच होऊन गेला. गोव्याच्या लोकांची छोटी रेस्टॉरंटही आहेत शहरात, शाकुती आणि बिबिंक मिळेल, आईंना एक दिवस तिथे न्या, परक्या शहरात ओळखीच्या चवीने माणूस सैल होतं.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच रीलमध्ये नसते पण गुडघेदुखीवाल्या प्रत्येक कुटुंबाला मी सांगते, काइश दो सोद्रेहून कासिल्याशला जाणारी साधी प्रवासी बोट. दहा मिनिटं. कामावर जाणाऱ्या लोकांची बोट आहे ती, टूर नाही. खिडकीपाशी बसायचं आणि अख्खं लिस्बन डोंगरांवर पसरलेलं समोरून जातं, एक पायरी न चढता. पश्चिमेला तो लाल झुलता पूल, 1966 ला बांधला तेव्हा त्याचं नाव सालाझार पूल होतं, क्रांतीनंतर 25 एप्रिल पूल झालं. पलीकडे उतरून नदीकाठी भाजलेला मासा खाऊन परत या.

सिंत्रा, ते लिस्बनजवळचं डोंगरातलं गाव, या खेपेला काढून टाका. त्याला पूर्ण दिवस लागतो, रांगा, वेळेची तिकिटं, आणि चढ. नेशन्स पार्कचा मासे बघायचा ओशनेरियम मुलाला हवाच असेल तर दुपारभर जा, तिकडे सगळं सपाट आहे, पण शहर म्हणून तिथे बघण्यासारखं फारसं नाही. फादू ऐकायला एक रात्र जरूर ठेवा, छोट्या जागी, जिथे गाणं सुरू झालं की दिवे कमी करतात आणि वेटरसुद्धा थांबतात. गोव्यात बैठकीला बसायची सवय असलेल्या आईंना शब्द नाही कळले तरी चालेल.

31 ची शीट फेकू नका मात्र, मिस्टरांनी मेहनत घेतलीय. तीच समोर ठेवून चौघांनी बसा आणि प्रत्येकाने त्यातल्या तीन जागा निवडा, आईंनी पण. अल्जुबे आणि कार्मो आधी शीटमध्ये घाला म्हणजे त्यांना निवडता येतील. दोघांनी निवडलेल्या जागा सकाळी ठेवा, आईंचे पाय ताजे असताना, एकट्याने निवडलेल्या दुपारी, ज्याने निवडली त्याने जावं आणि बाकीच्यांनी चौकात बसावं. एवढं पाळा की सोमवारी बेलेम ठेवू नका, जेरोनिमोस आणि बरीच म्युझियम त्या दिवशी बंद असतात, आणि बेलेमचा बुरूज 2025 पासून दुरुस्तीसाठी बंद होता, तो उघडलाय का ते निघायच्या आठवड्यात बघून घ्या. गेंडा बाहेरून दिसतो का, की मचाण बांधलंय, तेही तेव्हाच कळेल.